लिफ्ट मशीन आणि एकच हात

१६ फेब्रुवारी १९९२, रविवार, सकाळी सात. जळगावला माझ्या घराच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. लिफ्ट मशीनचं दिवसाचं भाडं सातशे रुपये. हजर: मी, मुकादम नाना, मशीनवाला उस्मान आणि गँगचे अकरा जण.

पहिल्या मजल्याला अठरा जण होते. माल घमेल्यांनी वर गेला होता. आता मिक्सरमधून बादलीत आणि बादली मशीनने थेट वर. त्यामुळे नानाने सात जणांना कमी केलं. आठवी रुखमाअक्का. वय पंचावन्न, गुडघा गेलेला. तिला परत पाठवायचं ठरलं होतं.

मी म्हणालो, "अक्का इशारा देईल. बादली वर, खाली, थांब. उस्मान फक्त तिचा हात बघेल."

नाना हसला. "भाऊ, उभं ऱ्हावाना पैसा कोन देस?"

"मी देईन."

मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये क्रेन ऑपरेटर होतो. १९८४ साली आमची कंपनी पूर्वेकडच्या डोंगरात एका नाल्यावर लोखंडी पूल टाकत होती. इशारा द्यायला लान्स नायक रतनसिंग. कंपनीचा नियम एकच: ऑपरेटरने फक्त त्याचा हात पाहायचा. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पुलाचं पॅनेल हवेत असताना ते बांधलेली स्लिंग सरकली. रतनसिंगने मूठ आवळली, म्हणजे थांब. त्याच वेळी मागून सुभेदार साहेब ओरडले, "उठाओ!" मी आवाज ऐकला आणि उचललं. पॅनेल सुटून त्याच्यावर आलं. पावणेतीनला तो गेला. चौकशीत मी मूठ आणि आवाज, दोन्ही सांगितलं.

आमच्या स्लॅबचं काम अकरा चाळीसपर्यंत सुरळीत चाललं. मग भरलेली बादली पायाडाच्या बल्लीला अडकली. अक्काने मूठ आवळली. वरून नानाला हे दिसत नव्हतं. त्याचा माल संपत आला होता.

"उस्मान, वर घे रे!"

उस्मानचा हात लिव्हरवर होता. त्याने वर पाहिलं, मग अक्काकडे. तिची मूठ तशीच.

"नाना, उगा ऱ्हाय," ती म्हणाली. "हात मना शे, तुना नई."

उस्मानने ब्रेक दाबला. बल्लीचा दोर सुटलेला होता. बरोबर खाली दोघी वाळू भरत होत्या. त्यांना बाजूला केलं, बादली उतरवली, बल्ली पुन्हा बांधली. पंधरा मिनिटं गेली. पाच दहाला स्लॅब पुरा झाला. सगळ्यांनी चहा घेतला.

जाताना उस्मान नानाला म्हणाला, "पुढच्या स्लॅबला अक्का पाहिजे. नाहीतर मशीन दुसरीकडे."

नाना म्हणाला, "ती आता माझं ऐकणार आहे का?" आणि स्वतःच हसला.

त्या दिवशी बाईमाणसाची मजुरी पंचवीस होती, मशीन ऑपरेटरची पन्नास. रुखमाअक्काला मी पन्नास दिले. तिने ते दोनदा मोजले आणि मस्टरवर अंगठा दिला. तिच्या नावापुढे मी काम लिहिलं: इशारा. रतनसिंगचं काम तेच होतं.