मिठात आलेली गाठ

अंगातून काढलेला तुकडा लगेच नासायला लागतो, म्हणून तो आधी फॉर्मालिनमध्ये बुडवायचा, हा मुंबईच्या मेडिकल कॉलेजात आम्हाला शिकवलेला पहिला धडा. साठच्या दशकातली गोष्ट. मी दातिवऱ्याच्या मासेमारांच्या घरातला, आई गेल्यावर मावशीने वाढवलेला. त्याच मावशीच्या छातीत गाठ झाली. पालघरच्या डॉक्टरने गाठीचा तुकडा काढून फॉर्मालिनच्या बाटलीत घातला आणि तिच्या नवऱ्याला, माझ्या काकाला, म्हणाला, "मुंबईला नेऊन दे." बस्स. पुढे एक अक्षर नाही.

काका बाटली घेऊन माझ्याकडे आला तो खुशीतच. "त्या पान्याला कसला घाण वास रे! नाक जळलं. फेकून दिलं नि मीठ भरलं. आता म्हयनाभर नासायचं नाय." जन्मभर त्याने मासळी अशीच तर टिकवली होती. दुसरं काय करणार बिचारा?

कॉलेजात तपासणी शिकवणारे सर बाटली बघून हसत सुटले. "या रे, सुकी मासळी आलीय तपासायला!" सगळा वर्ग हसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तुकड्याचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन काच करून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली मिठाने आक्रसलेल्या पेशींचा नुसता चिखल. कॅन्सर की साधी गाठ, काही म्हणता काही कळेना.

तसाच पालघरच्या डॉक्टरकडे गेलो. "औषधाचं पाणी फेकू नका, एवढं सांगायला तोंड झिजत होतं का तुमचं?"

"गाढवाला गुळाची चव काय?" डॉक्टर म्हणाला. "आण तिला, दुसरा तुकडा काढू."

मावशी ऐकेना. "माझं अंग काय पापलेट हाय, रोज तुकडी काढायला? आता कोनाला हात लावू द्यायची नाय." हात जोडले, भांडलो, रडलो. नाही म्हणजे नाही.

पुढच्या होळीला घरी गेलो. ओटीवर पाय ठेवला आणि वास आला. मासळीचा नव्हे. वॉर्डात ओळखायला शिकलो होतो तो, फुटून सडलेल्या गाठीचा. मावशी छातीशी पदर आवळून बसली होती.

"झालं का रे तुझं शिकून? मग सांग, काय हाय मला?"

आता काच लागणार नव्हती. कॅन्सर आहे, मी खरं ते सांगितलं.

तिने पदर आणखी आवळून घेतला. मग म्हणाली, "मेल्या, मग तेवाच का नाय सांगितलंस?"