अकरा खाडे आणि एक रद्द जहाज

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. देणी मिळतील असं आश्वासन गिरणीने दिलं होतं, आणि ते दर महिन्याला अगदी वेळेवर मिळायचं. फक्त देणी यायची राहिली. मग आईने लालबागच्या चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ काढली. शिवडीच्या गोदामांत कामाला असलेले कोकणातले आठजण दोन पंगतींत जेवायचे. तिसरी पंगत आम्हा तिघांची, म्हणजे उरलं तर.

महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ मिळायचे. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. ताटं घासून झाली की त्या दिवशी जे जेवले त्यांचे पैसे आई मोजून चहाच्या डब्यात टाकायची. चहाच्या डब्यातले आपले, बिस्किटांच्या डब्यातले लोकांचे. कुणी गावी जाणार असला की आदल्या दिवशी सांगायचा, "मावशी, उद्यापासून चार खाडे धरा." म्हणजे चार दिवस जेवणार नाही, पैसे पुढे वळते करा. भात शिजल्यावर सांगितलं तर मात्र खाडा नाही. मग ते पैसे थेट चहाच्या डब्यात.

बारावीनंतर माझी कॉलेजची फी भरायची होती. चहाचा डबा रिकामा, बिस्किटांचा गच्च.

"आई, त्यातले घे ना. कोण बघतंय?"

"माणूस जेवलो नाय, मग पैशे आपले कशे झाले गो?"

फी तीन आठवडे उशिरा भरली, दंडासकट. पैशांनी भरलेला डबा समोर ठेवून दंड भरणारं घर अख्ख्या चाळीत आमचंच असावं.

जेवणाऱ्यांतला एकजण गावी गेला तो आठ महिने फिरकलाच नाही. त्याचे अकरा खाडे आई सांभाळत बसली. मी हसायचे. एके दिवशी तो कोकमाच्या सोलांची पिशवी घेऊन उगवला आणि एक पैसा न देता अकरा दिवस जेवला. वर म्हणाला, "मावशी, आमटी हल्ली पातळ झाली हां."

मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. फोर्टातल्या एका क्रूझ कंपनीत अकाउंट्सला लागले आणि वर्षभरात लक्षात आलं, एवढं मोठं जहाज पाण्यावर तरंगतंय ते आमच्या खाणावळीच्याच नियमांवर. प्रवासी सहा महिने आधी पैसे भरतो. जहाज निघेपर्यंत ते कंपनीचं देणं. फेरी झाली की उत्पन्न. वेळेत रद्द केलं तर पैसे परत, शेवटच्या आठवड्यात केलं तर जप्त, कारण भात शिजलेला. आईला हे कळायला एसी लागला नव्हता, एवढाच फरक.

आमचे फायनान्सचे साहेब परदेशात शिकून आलेले. माझं प्रोबेशन त्यांनी दोनदा वाढवलं होतं. बाबा रोज विचारायचे, "झालीस काय कायम?" ते स्वतः गिरणीत कायम होते, त्यामुळे त्या शब्दावर त्यांचा अजूनही विश्वास.

मार्चमध्ये जहाजाचं इंजिन बिघडलं. कंपनीने गोव्याची अख्खी फेरी रद्द केली आणि प्रवाशांना क्रेडिट नोट दिल्या, वर्षभरात कधीही या आणि त्याच पैशांत फिरा. वर्षअखेर तोंडावर आलेली. साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, ही सगळी रक्कम या वर्षीच्या उत्पन्नात टाका."

"सर, जहाज गेलंच नाही."

"पैसा बँक में है ना? आणि अर्धे लोक क्रेडिट नोट विसरूनच जातात."

"विसरले तर मुदत संपल्यावर घेऊ. आठ महिन्यांनी येऊन जेवणारी माणसं मी पाहिलीत."

"जेवणारी?"

मी खाणावळ सांगितली. साहेब खुर्चीत रेलून पोटभर हसले. "मॅडम, ये क्रूझ है, आपकी आई का मेस नहीं."

खरंच होतं. मेस फायद्यात होती.

"ठीक आहे सर, एंट्री फिरवते. न निघालेल्या जहाजाचं भाडं उत्पन्न धरा, एवढी एक मेल तेवढी पाठवा."

मेल आली नाही. निरोप आला, तुमच्या कन्फर्मेशनचं नंतर बघू. मी रक्कम देण्यांतच ठेवली आणि घरी सांगून टाकलं. आई म्हणाली, "गेली नोकरी तर ये. भाकऱ्यो भाजूक माका माणूस व्हयोच आसा." म्हणजे दंडासकट भरलेली कॉलेजची फी फुकट जाणार नव्हती.

मे महिन्यात ऑडिटरबाई आल्या. गिरगावच्या, कमी बोलणाऱ्या. एका ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या, "रद्द फेरीची रक्कम देण्यांत कुणी ठेवली?"

"ह्या मॅडमनी," साहेब लगेच म्हणाले. एवढ्या तत्परतेने त्यांनी कधी माझ्या कागदांवर सहीसुद्धा केली नव्हती.

"बरोबर आहे. उत्पन्नात असती तर मी सही केली नसती."

साहेब पाणी प्यायले. "मीच सांगितलं होतं तसं ठेवायला."

मी मान डोलावली. परदेशी शिक्षणाचा मान राखावा लागतो.

दिवाळीत क्रेडिट नोटवाले आले. अर्धे नाही, जवळजवळ सगळे. काहींनी खोली समुद्राकडे का नाही म्हणून भांडणही केलं. जहाज गोव्याला जाऊन परत आलं, आणि त्या दिवशी मी त्यांचे पैसे उत्पन्नात घेतले.

त्याच आठवड्यात मला पत्र मिळालं, खाली साहेबांची सही. मी कायम झाले.