सिस्टरांचे चार भाग

हेडफोनचा एक कान मागं सरकवायचा, पंजा काचेवर टेकवायचा आणि म्हणायचं, "थांबा की जरा. माणसं बसू द्या आधी." सिस्टरांना कोणी घाई केली की हे ठरलेलं. वाक्य त्यांच्या नोकरीतलं, दवाखान्यातलं होतं. पण मी ते पहिल्यांदा ऐकलं ते एका परदेशी मालिकेच्या बाबतीत. तुम्हीही त्या मालिकेबद्दल ऐकलं असेल. घोडे, चिखल, टोप्या घातलेले गोरे आणि वाक्यागणिक शिवी. सुरुवात इतकी संथ, की पहिल्या भागात एक माणूस गाडीवरून दुकानाची खोकी उतरवायला घेतो आणि भाग संपतो तेव्हा ती उतरवून झालेली असतात. बाकी काही नाही.

अजूनही कोणी ना कोणी मला विचारतं, ही मालिका चिकाटीनं बघण्यासारखी आहे का? मराठीत आहे म्हणे, तुमच्याच स्टुडिओत झाली म्हणे. हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नांदेडला माझा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, मधे काच, भिंतींना फोम. प्रचाराच्या रिक्षांवरचे आवाज, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, जयंतीची गाणी, उरुसाच्या कव्वाल्या, सगळं इथंच होतं. मुंबईच्या एका कंपनीला ही मालिका मराठीत आणायची होती आणि त्यासाठी 'गावरान' आवाज पाहिजे होते. कंपनीच्या साहेबानं हा शब्द फोनवर इतक्या लाडानं उच्चारला, जणू तो कोंबड्यांची ऑर्डर देत होता. साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, पण साहेब.

मालिकेत एक खाणावळवाली होती. दणकट बाई, तोंडाची फाटकी, दारुड्यांना बखोट धरून बाहेर काढणारी. तिच्यासाठी मला सिस्टर आठवल्या. हदगावच्या सरकारी दवाखान्यातून त्या रिटायर झालेल्या, नांदेडला घर बांधून राहिलेल्या. लसीकरणाच्या एका जाहिरातीला त्यांनी माझ्याकडं आवाज दिला होता, आणि तो ऐकून माझ्या गल्लीतल्या दोन बायका खरोखरच पोरं घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. वॉर्डच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या नातेवाइकाला बाहेर काढणारा तो आवाज. खाणावळवालीचं पहिलं वाक्य त्यांनी एका दमात घेतलं आणि पडद्यावरची ती गोरी बाई आमच्या भागातलीच वाटायला लागली.

मालिका मात्र आम्हाला सगळ्यांनाच कंटाळवाणी वाटत होती. दुसरा भाग झाला, तिसरा सुरू झाला, एक गोळी सुटेना. नायकाला आवाज देणारा लातूरचा कलाकार जांभया देत म्हणायचा की ही कोण बघणार. माझंही तेच मत होतं. एकट्या सिस्टर चहाच्या सुट्टीतही पडद्याकडं डोळे लावून बसायच्या.

"हे तर आमचं पत्र्याचं गाव हाय, भाऊ," त्या एकदा मला म्हणाल्या. "गोळीची घाई कामून? गोळी तर सुटतीच. आधी कोण कुठं बसून राहिलंय ते बघा."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते आणि भूकंपानंतर त्यांना लातूरकडं पत्र्याच्या शेडच्या वस्तीवर पाठवलं होतं. असाच चिखल. कायदा नाही, पंचायत नाही, नुसती माणसं. आधी भांडी आली, मग चुली, मग दारूवाला. आणि मग भांडणं लागली ती शेडच्या रांगांवरून. कोणाचं शेड कोणाच्या शेजारी, नळाच्या जवळ कोण आणि लांब कोण. घरं पडली होती, माणसं गेली होती, पण रांगा जुन्या गावासारख्याच लावायच्या होत्या. सिस्टर म्हणायच्या, ते बघायला जो थांबला नाही त्याला पुढचं काहीच कळलं नसतं. त्या दिवसापासून मी मालिका वेगळ्या नजरेनं बघायला लागलो, आणि खरं सांगतो, ती चांगली होती. गडी खोकी उतरवत होता तेव्हा कोण हात लावत नव्हतं, हे मला पहिल्यांदा दिसलंच नव्हतं.

शिव्यांबद्दलही त्यांचं स्वतंत्र मत होतं. शिव्या देणारा पेशंट वाचतो, असं त्या ठामपणे सांगायच्या. सलाईनची सुई काढून फेकणारा, सिस्टरच्या सात पिढ्या उद्धारणारा पेशंट त्यांना आवडायचा. तेव्हा खाणावळवालीच्या तोंडी त्यांनी मोकळ्या हातानं माल भरला. मुडद्या, भाड्या, मसणवट्या, तुझ्या तोंडात माती पडो. मुंबईहून आलेल्या लिखाणातल्या मिळमिळीत शिव्या त्या वाचायच्या, नाक मुरडायच्या आणि स्वतःची घालायच्या. साहेब खूश होता. गावरान पाहिजे होतं ना.

पण तिकडं एक तपासणारी मंडळी होती. त्यांच्याकडून प्रत्येक भाग लाल खुणा होऊन परत यायचा. हा शब्द नको, तो नको. 'मूत' काढा. 'ढुंगण' काढा, तिथं 'पार्श्वभाग' टाका. चिखलात लोळणाऱ्या दारुड्याला खाणावळवाली म्हणणार, तुझ्या पार्श्वभागावर लाथ घालीन. सिस्टर हसून हसून खोकायला लागल्या. जन्मभर त्याच्यातच सुया टोचल्या, त्या म्हणाल्या, एकाही पेशंटला पार्श्वभाग नव्हता. तरी त्यांनी ते निमूटपणे बोलून दिलं. कामाच्या बाबतीत त्या शिस्तीच्या होत्या.

चार भाग असे झाले. दर शुक्रवारी एक भाग कंपनीच्या अ‍ॅपवर लोकांपुढं येत होता. सिस्टरांच्या कॉलनीत त्यांचं नाव झालं. शेवटी पाट्या धावतात त्यात 'खाणावळवाली' असं लिहून पुढं त्यांचं नाव यायचं, आणि शेजारपाजारच्या बाया ते बघायला त्यांच्या घरी जमायच्या.

पाचव्या भागात एक प्रसंग होता. अंघोळ न केलेला एक दारुडा खाणावळीत शिरतो आणि ती त्याला हाकलून लावते. इंग्रजीत तिथं नुसतं घाणेरड्या अशा अर्थाचं काहीतरी होतं. मराठीत लिहिणाऱ्यानं तिथं जातीचं नाव टाकलं होतं. शिवी म्हणून. ते नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं सर्रास वापरतात. मी उदगीरचा, आमचं किराणा दुकान. गल्ल्यावर बसून ते नाव मी लहानपणी रोज ऐकलं आणि ते ऐकून कोणी घास खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. सिस्टरांच्या वडिलांना गावातले लोक त्याच नावानं हाक मारायचे. ते बौद्ध झाले, घरातले देव गेले, नाव बदललं, आणि गावानं हाक बदलली नाही.

त्या पानावर एकही लाल खूण नव्हती. मूत निघाला होता, ढुंगण निघालं होतं, आणि हे पास झालं होतं. तपासणाऱ्या शहाण्यांना हा शब्द स्वच्छ वाटला होता.

सिस्टरांनी वाक्य अर्ध्यावर थांबवलं. मुंबईचा साहेब त्या वेळी कॉम्प्युटरवरून ऐकत होता. काय झालं म्हणाला. मी त्याला समजावलं, शब्द बदलून घेतो म्हटलं. तो म्हणाला की गावाकडं असंच बोलतात ना, आपल्याला तेच तर पाहिजे. मग थेट सिस्टरांनाच त्यानं सांगितलं, "मॅडम, पर्सनली घेऊ नका. दोन सेकंदांचं काम आहे."

"दोन सेकंदच लागतेत, साहेब," सिस्टर माइकमधूनच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "माझ्या बापाला गाव दोन-दोन सेकंदच बोलायचं. उभा जन्म."

तो म्हणाला की हे तुम्ही बोलत नाही, पात्र बोलतंय.

"तोंड तिचं आसंल, आवाज माझा हाय. ढुंगण म्हणलं तर तुमची कंपनी बाटती, आन् हे चालतंय?"

 सिस्टरांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या. लातूरचा तो कलाकार माझ्या शेजारी बसला होता. सिस्टर जरा जास्तच करून राहिल्या, असं तो पुटपुटला. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काढला नाही, याचा आजही राग येतो.

कंपनीनं हात झटकले. खाणावळवालीचा आवाज मुंबईतच दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतला. ती बाई कोण होती मला माहीत नाही, तिच्याशी माझं भांडणही नाही. पण तिनं सिस्टरांची लकब हुबेहूब उचलली होती. हाय, न्हाई, सगळं. तो शब्दही तिनं तसाच, सिस्टरांच्याच ठसक्यात टाकला होता. आणि शेवटच्या पाट्यांत नाव कोणाचं होतं? सिस्टरांचं. कोणी बदलायचे कष्टच घेतले नव्हते.

भाग आला शुक्रवारी. रविवारी सिस्टर वंदनेला विहारात गेल्या. वंदना झाल्यावर कॉलनीतली एक म्हातारी त्यांच्याजवळ आली. सिस्टरांना पोरीसारखं मानणारी बाई. तिनं त्यांचा हात धरला आणि हळूच विचारलं, "माय, तुझ्या तोंडून कसं निघालं गं ते?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला हे सांगायला आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. उभ्या उभ्या सांगितलं. म्हातारीला त्यांनी समजावलं होतं, तिला पटलंही होतं. पण विहारात बाकीचे लोक होते, कॉलनी होती, हदगावचे जुने पेशंट होते. एकेकाच्या घरी जाऊन काय सांगणार? पाचव्या भागापासून माझं नाव काढा आणि तो शब्द काढा, एवढंच त्यांचं मागणं होतं. माफी नको होती, दुसरं काही नको होतं.

मी मेलवर मेल केले. वकिलाकडंही गेलो; ते म्हणाले बघू, लांबेल. सिस्टर रोज चहाच्या वेळी साहेबाला फोन लावायच्या. "हाव, मी खाणावळवाली बोलते," अशी सुरुवात. पहिले काही दिवस तो उचलायचा, वरिष्ठांशी बोलतो म्हणायचा. मग उचलेनासा झाला. सिस्टर तरी लावत राहिल्या. वॉर्डमधला राउंड चुकवायचा नसतो, तसं.

शेवटी एकदा कंपनीचं उत्तर आलं. आपल्या तक्रारीची दखल घेऊन योग्य ते बदल केले आहेत. मी सिस्टरांना लगेच बोलावून घेतलं. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या. आम्ही मोठ्या पडद्यावर पाचवा भाग लावला आणि आधी शेवटच्या पाट्या बघितल्या. नाव निघालं होतं. सिस्टरांनी मोठा श्वास सोडला. मग तो प्रसंग लावला. दारुडा आत आला, खाणावळवालीनं त्याचं बखोट धरलं, आणि शब्द जागच्या जागी होता. तो काढायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी शिव्या द्यायला लागलो.  सिस्टर म्हणाल्या, पहिला भाग लावा. कशाला, म्हटलं. लावा तर.

पहिला भाग लावला. खोकी उतरत होती. खाणावळीचं दार उघडलं, ती गोरी बाई बाहेर आली आणि तिनं तोंड उघडलं. आवाज सिस्टरांचा नव्हता. मुंबईच्या त्या बाईचा होता. दुसरा लावला, तिसरा, चौथा. सगळीकडं तीच. आवाज एकसारखा व्हावा म्हणून कंपनीनं पहिले चारही भाग नव्यानं करून घेतले होते. सिस्टरांचा पार्श्वभाग गेला, मसणवट्या गेला, तोंडात माती गेली. शेवटच्या पाट्यांत त्यांचं नाव कुठंच नव्हतं. एका बाईनं म्हटलं माझ्या नावावर हा डाग नको, तर यांनी बाईच पुसून टाकली आणि त्याला योग्य ते बदल म्हटलं. आमच्याकडचं कच्चं रेकॉर्डिंग काम पोचवल्यावर पुसायचं असा करार होता. मी इमानदारीनं पुसलं होतं. या असल्या लोकांशी मी इमानदारी केली.

 सिस्टर माझ्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते.

"चार भाग तर माझे होते ना, भाऊ? तुम्ही समोर होता."

 मी नुसती मान हलवली, आणि त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे, कारण तोवर त्या पिशवी उचलत होत्या.

नंतर त्या मुलीकडं हैदराबादला राहायला गेल्या. फोन केला तर उचलतात, माझ्या पोरांची चौकशी करतात, गुडघ्यांना तेल लावायला सांगतात. मालिकेचा विषय काढत नाहीत. खाणावळवालीचं शेवटी काय झालं, हे त्यांनी कधी बघितलं नाही. मीही सहाव्या भागाच्या पुढं गेलो नाही. ज्यांना बघायची त्यांनी बघावी; चांगली आहे, जरा थांबलात तर कळेल. मी मात्र कोणाला बघा म्हणणार नाही.

आणि तुम्ही त्या दिवशी पिशवी उचलण्याआधी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तेव्हा द्यायला पाहिजे होतं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आता चार लोकांना वाचता येईल असं लिहितो. होते, सिस्टर. चारही तुमचेच होते. मी समोर होतो.