गेन्जिरोच्या मुळ्यातला हातोडा

“फेकणारा हात माझा, पडायची जागा देवाची,” असं हात्सुए नेहमी म्हणायची. त्यावर म्हाताऱ्या गेन्जिरोचं उत्तरही ठरलेलं. “देवाची कुठली? मुळे माझे आहेत!”

बंद पडलेल्या शाळेचं मैदान संपलं की लगेच गेन्जिरोचं मुळ्याचं रान लागायचं. हात्सुए दिवसभर गावच्या सहकारी दुकानात तांदळाची पोती उचलायची आणि संध्याकाळी मैदानात थाळी फेकायची. खांदे असे, की ती दारात उभी राहिली की घरात अंधार व्हायचा. थाळी मुळ्यात गेली, की दुसऱ्या दिवशी ती मांजूंचा, म्हणजे गोड पुरण भरून वाफवलेल्या गोळ्यांचा, डबा घेऊन गेन्जिरोच्या दारात कंबरेत वाकून उभी. तो आधी पोटभर बोलायचा, मग पोटभर खायचा. आलेल्या डब्याची परतफेड केल्याशिवाय त्याच्या बायकोला, योशिनोला, चैन पडत नसे. ती त्याच फुटक्या मुळ्यांना चुलीवर धुरी देऊन लोणचं घाली आणि हात्सुएच्या हातात ठेवी. म्हणजे पोरीनेच फोडायचे, पोरीनेच खायचे. हिवाळ्यात थाळी बर्फात गडप झाली, तर बर्फ वितळेपर्यंत माफी आणि लोणचं दोन्ही तुंबून राहायचं.

स्थळं आली. एकाने तिचे तळहात पाहिले आणि चहा अर्धा टाकून उठला. “बरं झालं,” ती म्हणाली, “तो उचलायलाही हलकाच होता.”

मग बायकांनाही हातोडा फेकायची मुभा मिळाली. हा हातोडा म्हणजे लांब तारेच्या टोकाला अडकवलेला लोखंडी गोळा. तिशीतल्या हात्सुएने थाळी खाली ठेवली आणि तो उचलला. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरायची, सोडायची, आणि गोळा गेन्जिरोचं सगळं रान आणि त्यापुढचा पाट ओलांडून पलीकडच्या म्हाताऱ्या माताकिचीच्या कोबीत जाऊन बसायचा.

डबे आता माताकिचीकडे जाऊ लागले. पाटाच्या पाण्यावरून या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं कधीचंच तुटलेलं. पण माताकिची मांजू खायला नेमका पाटाच्या काठावर येऊन बसे आणि बोटं चाटी.

“एवढा जोर कशाला लावतेस गं?” गेन्जिरो एकदा हात्सुएवर उखडला. “माझ्या रानात काय साप आहेत?”

“आजोबा, ज्या दिवशी हातोडा तुमच्या मुळ्यात पडेल, त्या दिवशी माझं फेकणं संपलं. मी परत त्याला हात लावणार नाही.”

“मग संपव की एकदाचं!”

ते संपलं नाही. प्रांताची पदकं आली, दुकानात मिठाच्या पोत्यांवर खिळ्याला लटकली. हात्सुएचे केस कानांपाशी पांढरे झाले.

प्रांताच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी धुकं दाट होतं. गेन्जिरो मुळे उपटत होता. धप्प! चार हातांवर माती उडाली. हातोडा मुळ्यात रुतला होता.

“आला! अगं योशिनो, आला!” म्हातारा नाचायचाच बाकी राहिला. मग त्याला तिचं बोलणं आठवलं आणि तोंडातली चवच गेली.

“आजोबा, कुठे पडला?” धुक्यातून हाक आली.

“पलीकडे! कोबीत!” तो ओरडला, आणि तार धरून गोळा ओढत, पाटात घोट्यापर्यंत भिजत, पलीकडे निघाला.

माताकिची कोबीत उभाच होता. “हे काय रे?”

“गप बस. तुझ्या कोबीत पडलाय.”

माताकिचीने गोळा पाहिला, मैदानाकडे पाहिलं. “मग खड्डा कुठाय, मूर्खा?” असं म्हणून त्याने स्वतःच्याच चांगल्या कोबीच्या गड्ड्यावर टाच हाणली.

हात्सुए आली. मुळ्यांतून पाटापर्यंत गेलेला ओरखडा तिने पाहिला. गेन्जिरोची चिखलाने भरलेली विजार पाहिली. ती दोघांपुढे वाकली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

सकाळी ती दोन डबे घेऊन आली. एक माताकिचीला दिला, एक गेन्जिरोला.

“मला कशाचा?” गेन्जिरोने कपाळाला आठ्या घातल्या.

“हमालीचा, आजोबा.”

“स्पर्धेला जाणार ना?”

“जाते. ही शेवटची. फेकणारा हात माझा, पडायची जागा—”

“देवाची, देवाची,” गेन्जिरो घाईने म्हणाला. “जा, बस चुकेल.”

हातोड्याच्या पिशवीने एक खांदा खाली झुकवून ती बांधावरून चालत निघाली. पाटाच्या दोन काठांवर दोन म्हातारे डबे छातीशी धरून उभे होते. ती वळणाआड जाईपर्यंत दोघांपैकी एकानेही झाकण उघडलं नाही.