चिंधी गुंडाळलेला बाण
ओला बांबू विस्तवावर शेकल्याचा वास आला आणि मला रिठद गावातलं आमचं अंगण आठवलं. बहात्तरच्या आसपासची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांची असेन. गावातली पोरं तुऱ्हाटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीच्या टोकाला बाभळीचा काटा खोचून बाण करायची, आणि मलाही तसाच हवा होता. बाबांचा डावा डोळा लहानपणी अशाच काट्यानं गेलेला, म्हणून ते नाहीच म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी धनुष्यासाठी बांबूची कामटी शेकून वाकवली, अंबाडीची दोरी ताणून बांधली, बाणाच्या टोकाला कापूस लावून वर चिंधी घट्ट गुंडाळली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. “मार माह्या पाठीत. लागते का पाहू दे.” मी बाण सोडला. तो त्यांच्या अंगातल्या बंडीवर टप्पकन आपटून खाली पडला. “काई नाई लागलं,” म्हणत त्यांनी तो उचलून मला दिला आणि या वेळी माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. “आता समोरून मार.” त्यांचा उजवा डोळा टक्क उघडा होता. मी दोरी ओढली. बोटं दुखायला लागली, पण दोरी काही सोडवेना. “काहून थांबली वं?” मी रडतच धनुष्य खाली केलं. “मी नाई मारत.” “मंग जाय आता खेळाले,” बाबा म्हणाले. आज नातवासाठी मीच कामटी शेकली, बाणाला चिंधीही गुंडाळून झाली. आता त्याच्यासमोर उभं राहायचं तेवढं उरलंय, आणि पाय उचलत नाही.