कानाने केलेला स्वयंपाक

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. तिसरीच्या वर्गात फळ्यावर पाढा लिहीत होते, तेवढ्यात शिपाईमामा दारात आले आणि म्हणाले, ''बाई, अंबरनाथहून फोन आहे.'' अंबरनाथहून शाळेत फोन करणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे माझी सुमनवहिनी. भाजीला काय आणू, येताना वाल घेऊन ये, असलंच काहीतरी असायचं. म्हणून मी हसतच फोन घेतला. पलीकडून दादाचा आवाज आला. ''शालू... सुमन गेली गं. जेवून जरा पडली होती. चहाला उठवायला गेलो तर...'' हातातला खडू तसाच धरून मी बदलापूर स्टेशनापर्यंत चालत गेले, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

आता पाच आठवडे झाले. लोक भेटतात, म्हणतात, सुगरण होती हो तुमची वहिनी. होतीच. पण त्या एका शब्दात ती मावत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होता. दर जानेवारीत त्याला ऑफिसातून एक जाडजूड डायरी मिळायची. तो ती वहिनीला द्यायचा आणि वहिनी तिच्यात रोज रात्रीची भांडी घासायच्या आधी चार ओळी लिहायची. मी लग्नाआधी त्यांच्याकडेच राहून शिकले, त्यामुळे या डायऱ्यांची चेष्टा करण्यात माझी कित्येक वर्षं गेली. लोक डायरीत मनातलं लिहितात, हिच्या डायरीत तोंडली आणि दुधी. 'सोमवार. तोंडल्याच्या काचऱ्यांची भाजी. हे काही बोलले नाहीत, पण दोनदा घेतली.' 'गुरुवार. स्वेटरची डावी बाही उसवली, तिसऱ्यांदा. शब्दकोड्यात आडवा सात अडला.' 'डब्यातल्या सदाफुलीला कळी. पिठल्याला खमंग वास सुटेपर्यंत थांबले, म्हणून जमलं.' मी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ती लाटणं उगारून म्हणायची, ''वाच, वाच. सासरी गेलीस की हेच विचारायला येशील.'' झालंही तसंच. बदलापूर गावात शेतीवाडीच्या घरात पडले, सासूबाई जेवणाच्या बाबतीत कडक, आणि मी दर रविवारी वही घेऊन अंबरनाथला, वहिनीच्या स्वयंपाकघरात.

त्या रविवारांपैकी एक मला आजही जसाच्या तसा दिसतो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आमच्या मळ्यातली वांगी पिशवीत घेऊन दुपारी मी तिच्या बिल्डिंगचा जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच वास आला. गॅसचा. आधी वाटलं दुसऱ्या कुणाकडे असेल, पण दार ढकललं तर घर भरून गेलेलं. दादा बाहेर गेला होता. वहिनी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालून नुकतीच आत येत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. ''आलीस? बस, चहा टाकते,'' म्हणत ती ओट्याकडे वळली आणि तिने काडेपेटी उचलली.

मी कशी धावले मला माहीत नाही. वांगी जमिनीवर घरंगळली. काडेपेटी तिच्या हातातून हिसकावली, शेगडीचं बटण बंद केलं, रेग्युलेटर काढला, खिडक्या सताड उघडल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू राहिला होता. ''वहिनी, अगं गॅस!'' मी ओरडले.

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ''कुठाय?''

घरभर वास कोंदला होता, माझे डोळे चुरचुरत होते आणि ती विचारत होती, कुठाय. मग तीच पाटावर बसली. म्हणाली, ''शालू, मला दोन महिने झाले, वासच येत नाही गं. तो ताप आला होता ना, सर्दी झाली होती... ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. खारट कळतं, आंबट कळतं. बाकी काही नाही. भात म्हणजे ऊन ऊन कापूस.''

दादालाही तिने सांगितलं नव्हतं, शाळकरी मुलीलाही नाही. आमटी खाली लागायची, तो निमूट खायचा. त्याला वाटायचं तापामुळे थकली असेल. ''सांगितलं का नाहीस?'' मी चिडून विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, ''तुझं बरंय, तू शाळेत शिकवतेस. मला या घरात ओळख ती एकाच गोष्टीची. आला-गेला म्हणतो, सुमनच्या हाताला चव आहे. आता ती चव मलाच कळत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?'' मी तिची डायरी उघडली. दोन महिन्यांची पानं एकाच वाक्याने भरली होती. 'आज लिहिण्यासारखं काही नाही.' खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच... सदाफुली नाही, शब्दकोडं नाही. विणकामाच्या सुया म्हणे ट्रंकेत ठेवून दिल्या होत्या.

कल्याणच्या डॉक्टरांकडे तिला दादा आणि मी दोघं घेऊन गेलो. त्यांनी बॅटरीने नाक तपासलं, कसल्या कसल्या बाटल्या हुंगायला दिल्या. शेवटी म्हणाले, ''येईल, किंवा नाही येणार. वाट बघायची.'' दादा घरी आल्यावर, चप्पलसुद्धा न काढता, म्हणाला, ''मला तुझी आमटी लागलेली चालते.'' त्याला तिची समजूत घालायची होती. ती मात्र ढसाढसा रडली. लागलेली आमटी त्याला कळत होती आणि तिला नव्हती, हेच तर तिचं दुःख होतं.

वाट बघण्याऐवजी तिने सुरुवात केली ती समोरच्या लाजवंतीभाभींमुळे. भाभी सिंधी, माहेर-सासर उल्हासनगरचं, नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान. गॅसच्या दिवशीचा माझा आरडाओरडा ऐकून त्यांनी वहिनीकडून सगळं काढून घेतलं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या आल्या आणि खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या. ''सुमन, तू बना. मैं सूंघती हूँ. मेरे को घर में दुसरा काम क्या है?'' आणि खरंच, रोज अकराला त्या येऊन बसायला लागल्या. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. ''जल रहा है बाबा, जल रहा है!'' अशी हाक मला रविवारी जिन्यात ऐकू यायची.

मग एकदा भाभींनी तिला सिंधी कढी शिकवायला घेतली. त्या कढीत बेसन तेलावर बराच वेळ भाजावं लागतं. भाभी म्हणाल्या, ''खुशबू आए, तब पानी डालने का.'' वहिनीने झारा खाली ठेवला. ''भाभी, खुशबू मत बोलो. और क्या होता है वो बताओ. दिखता क्या है? सुनाई क्या देता है?'' भाभींना काही सांगता येईना. चाळीस वर्षं कढी करत आल्या होत्या, पण त्यांनी कधी कान दिला नव्हता. तेव्हा त्या दोघी कढईवर वाकल्या आणि ऐकत राहिल्या. मी भिंतीला टेकून बघत होते. बेसन आधी झाऱ्याला चिकटतं, जड लागतं. मग हळूहळू सैल होतं, तेल सोडतं, झारा एकदम हलका होतो. ''अभी!'' भाभी नाकाने म्हणाल्या आणि ''अभी!'' वहिनी हाताने म्हणाली... एकाच क्षणी. दोघी इतक्या हसल्या की पाणी घालायला उशीर झाला आणि ते बेसन टाकून द्यावं लागलं.

त्या दिवसापासून डायरी पुन्हा सुरू झाली. पण अक्षर तेच असलं तरी लिहिणं निराळं होतं. 'मोहरी तडतडून थांबली की सात मोजायचे, मग हिंग.' 'रवा भाजला गेला की वाळूसारखा सरसरतो. आधी मुका असतो.' 'तूप कढताना बडबड करतं. गप्प झालं की झालं.' 'कांद्याची कड तांबूस, मधे काचेसारखा, तेव्हा मसाला.' एकेक पदार्थ ती नव्याने शिकली, पंचेचाळिशीत, पहिल्यापासून. मीठ कळत होतं, त्याच्या आधाराने बाकीचं उभं केलं. सुया ट्रंकेतून बाहेर आल्या. डाव्या बाहीची तक्रार पुन्हा डायरीत आली, तेव्हा मला हायसं वाटलं.

परीक्षा झाली ती माझ्या सासूबाईंच्या रूपाने. त्या एकदा माझ्याबरोबर अंबरनाथला जेवायला आल्या. वहिनीने भरली वांगी, वालाचं बिरडं, सगळं एकटीने केलं होतं. भाभींना तिने त्या दिवशी मुद्दाम बोलावलं नव्हतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला. वहिनी वाढायचं पातेलं हातात धरून उभी. सासूबाई शांतपणे जेवल्या, पुन्हा बिरडं मागितलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाल्या, ''तुझे वयनीचे हाताला चव हाय गो.'' मी बाहेर बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते. वहिनीला वास येत नव्हता, हे सासूबाईंना आजतागायत कळलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग थंडीतली एक सकाळ. आमच्याकडे अंबरनाथला कारखान्यांच्या बाजूने वारा फिरला की असा काही वास यायचा की माणसं पटापट खिडक्या लावून घेत. त्या सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या लागल्या, भाभी नाकाला ओढणी लावून गॅलरीतले कपडे काढायला लागल्या, आणि आपल्या गॅलरीतून वहिनी म्हणाली, ''भाभी, काहीतरी घाण वास येतोय ना?'' भाभी ''हाँ ना, कितना गंदा...'' म्हणता म्हणता थांबल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग म्हणे वहिनी त्या वाऱ्यात तशीच उभी राहिली, तोंड वर करून, खोल खोल श्वास घेत, आणि भाभी रडत रडत तिला आत ओढत होत्या, कारण दोघींना खोकला लागला होता.

तासाभरात ती माझ्या दारात. बदलापूरला, एकटी, केसही नीट न विंचरता. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी सापडले. काही न बोलता ती थेट माझ्या मांडणीपाशी गेली आणि एकेक डबा उघडून नाकाशी धरायला लागली. ''हिंग... नाही अजून. लसूण आहे, पण लांबून. जिरं नाही. थांब, थांब, सुकट आहे!'' सुकट तिला जन्मात आवडली नव्हती, पण तो डबा ती खाली ठेवीना. मग अंगणात जाऊन पेंढ्याच्या उडवीला नाक लावून उभी राहिली. सासूबाई मला म्हणाल्या, ''हिला काय झाला?'' मी म्हटलं, ''काही नाही, बरी झालीये.'' त्या दिवसाची तिची नोंद मी आता वाचली. फक्त दोन वाक्यं आहेत. 'सकाळी घाण वास आला. गोड केलं.'

सगळे वास कधीच परतले नाहीत. कोथिंबीर आणि मोगरा शेवटपर्यंत कळले नाहीत, आणि तरी तिने मोगरा लावला, दर उन्हाळ्यात माझ्या केसांत माळला. डायरीतही ती त्या नव्याच पद्धतीने लिहीत राहिली. मी विचारलं होतं, आता मोजतेस कशाला? तर म्हणाली, ''अगं, ऐकायची सवय लागली. नाकाच्या नादात इतकी वर्षं काय काय ऐकलंच नव्हतं.'' नव्वदच्या दशकात मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, दादा निवृत्त झाला, भाभींचे गुडघे धरले तेव्हा वहिनीच अकरा वाजता त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागली. आयुष्य असं चाललं होतं. ती गेली त्याच्या आदल्या रात्रीचं पानही भरलेलं आहे. मटार, आणि शब्दकोड्यातला उभा तीन.

दादाचं कसं होणार, ही आम्हा सगळ्यांची काळजी. त्याने उभ्या जन्मात चहासुद्धा केला नव्हता. भाची म्हणाली नाशिकला चला, मी म्हटलं बदलापूरला ये, भाभींनी डबा पाठवायला सुरुवात केली. त्याने सगळ्यांना मान डोलावली आणि तो तिथेच राहिला. मागच्या रविवारी गेले तर दार उघडंच होतं. दादा ओट्यापाशी उभा, बनियनवर, चष्म्यावर पीठ, बाजूला वहिनीची एक डायरी, वाटी ठेवून उघडी धरलेली. मी हाक मारणार तर त्याने मागे न वळताच हात वर केला. ''बोलू नकोस, मोजतोय.''

पिठलं झालं होतं. गुठळ्या होत्या, पण पिठलं होतं. ज्या माणसाला वास येत नाही त्याच्यासाठी लिहिलेलं, ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही पुरत होतं. वहिनीच्या मनात असं काही असेल असं मला वाटत नाही. तिला फक्त आपला हात पुन्हा आपल्याला मिळवायचा होता.

जेवताना दादा म्हणाला, ''शालू, या सगळ्या डायऱ्यांत कारल्याचं काहीच नाही. तुला येतं का?''

''वहिनीला आवडायचं नाही ना. म्हणून केलं नसेल कधी. पण तुला कशाला हवंय?''

''मला आवडतं,'' दादा म्हणाला. ''आई करायची. ही आली आणि म्हणाली, मला कारलं बघवत नाही... मग मी कधी बोललोच नाही.''

चाळीस वर्षं! मी त्याच्याकडे बघतच राहिले. आणि मग दोघंही हसायला लागलो, ती गेल्यानंतर पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत.

काल मी मळ्यातली कारली घेऊन गेले. मी सांगत होते आणि तो चालू वर्षाच्या डायरीत, तिने जिथे सोडलं त्याच्या पुढच्या पानावर, ऑफिसातल्यासारख्या ठळक अक्षरांत उतरवून घेत होता. मीठ लावून ठेवायला आम्ही दोघंही विसरलो. भाजी कडूजहर झाली. मी एका घासानंतर ताट सरकवलं, आमच्याबरोबर जेवायला बसलेल्या भाभींनी पाणी मागितलं. दादाने पातेलं आपल्याकडे ओढलं आणि म्हणाला, ''अगदी अशीच हवी होती.''