नवसाचे मोदक

हायस्कूलमध्ये इतर देशी मुलं स्पॅनिश घेत होती; आमच्या चिरंजीवांनी लॅटिन घेतलं. पुढे कॉलेज अर्धवट सोडून तो सैन्यात भरती झाला, तेव्हा मी सगळं खापर लॅटिनवर आणि त्यातल्या रोमन फौजांवर फोडलं. इराकचं युद्ध सुरू होतं. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या ओळखीच्यांना माझा नवरा सांगायचा, "गव्हर्नमेंट जॉब आहे." मी देवघरातल्या गणपतीसमोर बसले आणि नवस बोलले. काहीही कर, पण त्याला तिकडे जाऊ देऊ नकोस, घरी आण. एकवीस मोदक करीन.

पाच महिन्यांनी ट्रेनिंगमध्येच त्याला न्यूमोनिया झाला आणि जाताना दमा मागे ठेवून गेला. तुकडी इराकला निघाली, ह्याला मेडिकल डिस्चार्ज मिळाला. विमानतळावरून येताना गाडीत तो बापाला सांगत होता, की रोमन लोक आजारी माणसाला 'काउसारियुस' म्हणायचे, आणि आजारामुळे फौजेतून घरी पाठवलेल्या शिपायालाही तेच म्हणायचे. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसा बोलत होता. मला मात्र आनंद झाला होता. लाज वाटायला हवी होती, पण झाला होता.

त्या रविवारी फ्रोजन खोबऱ्याचं सारण करून मी मोदक उकडले आणि चार घरं जेवायला बोलावली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, सगळ्या काका-काकूंना वाकून नमस्कार केला. जिना चढला की पंप ओढत होता. एक काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नवस पावला गं तुला! आला ना पोरगा परत!"

नवस म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या शाळेतल्या स्पेलिंग बी स्पर्धेसाठीही मी बोलले होते. तो माझ्यामागून स्वयंपाकघरात आला.

"आई, यू आस्क्ड फॉर धिस?"

"तू घरी यावंस, एवढंच मागितलं रे."

"माझं होल युनिट तिकडे आहे," तो म्हणाला. "अँड यू मेड मोदक."

'काहीही कर' असं म्हटलं होतं, तेवढं आठवलं. ते त्याला सांगायची हिंमत झाली नाही, आजवर झालेली नाही.

त्याने मोदकांचं ताट उचललं, बाहेर नेलं, प्रत्येकाला आग्रह करून वाढलं. स्वतः एकही घेतला नाही. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे लहानपणी त्याला मीच शिकवलं होतं.